पहिली इलेक्ट्रिक कार घेताना कर्ज ५ वर्षांचं घ्यावं की ७ वर्षांचं? आणि विमा शोरूममधूनच काढावा का?

५ वर्षांचं घ्या, जमत असेल तर ४. आणि बॅटरीचं कव्हर नसलेली पॉलिसी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. उत्तर खरं तर एवढंच आहे, घाईत असाल तर इथेच थांबा. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरातले एक जाणकार म्हणतात कर्ज लांबलचक घे, हप्ता हलका बसतो, वाचलेले पैसे गुंतव आणि विमा ऑनलाइन जो सगळ्यात स्वस्त दिसेल तो काढ, ते वाचलं आणि मला राहवलं नाही. कारण हेच्या हेच शब्द मी माझ्या गाडीच्या वेळी ऐकलेत, आमच्या साडूंच्या तोंडून.

पैशातलं सगळं साडूंना कळतं असा आमच्या सासुरवाडीत पक्का समज आहे. शेअर्स, फंड, टॅक्स, कोणाचं काही अडलं की फोन साडूंना. गाडी बघायला ते न बोलावता सोबत आले आणि फायनान्सच्या टेबलावर माझ्या आधी खुर्ची ओढून बसले. समोरचा पोरगा तयारीचा होता. व्याज किती, एकूण परतफेड किती, यातलं काही न बोलता त्याने पॅडवर फक्त दोन हप्ते लिहिले, ५ वर्षांचा आणि ७ वर्षांचा, आणि ७ वर्षांच्या हप्त्याभोवती गोल केला. साडू म्हणाले, "बघा, कसं सुटसुटीत बसतंय." मी म्हटलं, व्याज किती जाणार ते सांग. तर म्हणे, "सर, रेट ७ टक्केच आहे." म्हटलं फ्लॅट की रिड्यूसिंग? तर मॅनेजरला विचारून येतो म्हणाला आणि उठला. साडू माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्या पोराचा अपमान केला.

फ्लॅट रेटचं तुम्हाला माहीत असेलच, पण आकडा डोक्यात असू द्या. ५ वर्षांसाठी फ्लॅट ७ टक्के म्हणजे रिड्यूसिंगने, उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, साधारण साडेबारा टक्के, कारण फ्लॅटमध्ये जे मुद्दल तुम्ही फेडून मोकळे झालात त्यावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. त्यामुळे एकाचा फ्लॅट आणि दुसऱ्याचा रिड्यूसिंग शेजारी ठेवून तुलना करू नका, फसाल.

आता ५ की ७. मी घरी येऊन शंभराचा हिशेब मांडला होता, तो देतो, तुम्हाला तुमच्या रकमेला लावता येईल. रिड्यूसिंग ९ टक्के धरा. शंभराच्या कर्जावर ५ वर्षांत व्याज जातं साधारण साडेचोवीस आणि ७ वर्षांत पस्तीस. साडूंचं म्हणणं, हा दहा-साडेदहाचा फरक काय घेऊन बसलात, हप्त्यातले वाचलेले पैसे गुंतवले की तो आरामात भरून निघतो. निघत असेल बाबा. पण माझा मुद्दा व्याजाचा नव्हताच, आणि एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात आजतागायत शिरलेली नाही. ३ वर्षं हप्ते भरून झाले की ५ वर्षांच्या कर्जात शंभरातले साधारण ४५ बाकी असतात, ७ वर्षांच्या कर्जात ६५. आणि त्या दिवशी गाडी विकायला काढली तर तिचे किती येतील? पेट्रोल गाडीचा अंदाज बांधता येतो, शंभर वर्षांचा अनुभव आहे लोकांना. इलेक्ट्रिकचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला त्या किमतीला लेखी घेशील का विचारा.

कारण बॅटरीच स्वस्त होत चालली आहे. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली बॅटरी पॅकच्या क्षमतेचा एक किलोवॅट-अवर, म्हणजे एक युनिट वीज साठवायची जागा, हजार डॉलरच्या वर होता, २०२४ साली सरासरी ११५ डॉलरवर आला. नवीन घेणाऱ्याला ही आनंदाची बातमी आहे, पण ज्याच्या दारात जुनी उभी आहे आणि तिच्यावर ६५ टक्के कर्ज आहे त्याला नाही. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत आणि युरोपात काही मॉडेलच्या किमती वीस टक्क्यांपर्यंत खाली आणल्या, ज्यांनी आदल्या महिन्यात गाडी उचलली होती ते बघत राहिले. पुढच्या जानेवारीत हर्ट्झने, म्हणजे जगभर गाड्या भाड्याने देणारी कंपनी, सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकून टाकायचं जाहीर केलं आणि कारणांत दुरुस्तीचा खर्चही होता. त्यांच्याकडे हिशेब करायला माणसं पगारावर असतात, तुमच्याकडे नि माझ्याकडे साडू असतात.

तर कर्जाची मुदत ठरवताना हप्ता बघू नका. दरवर्षीच्या शेवटी बाकी किती आणि गाडीची पडती किंमत किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. बाकी वर असेल ती वर्षं धोक्याची. डाऊन पेमेंट जास्त केलं की ही वर्षं कमी होतात, मी त्यासाठीच जास्त केलं आणि त्यावरून मला "भित्रे आहात हो तुम्ही" असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं.

विम्याचं आता. इथे बहुतेक जण पेट्रोल गाडीची पॉलिसी डोक्यात ठेवून सही करतात. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत टायर, ट्यूब, रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी एकाच ओळीत बसवलेले असतात आणि क्लेमच्या वेळी त्या ओळीवरचे निम्मे पैसे घसारा म्हणून कापतात. ती ओळ लिहिली तेव्हा बॅटरी होती बॉनेटखालचा छोटा डबा. इलेक्ट्रिक गाडीत तोच गाडीचा सगळ्यात महाग भाग, आणि तो बसवलेला असतो तळाला, दगड-गोट्यांच्या आणि पाण्याच्या सगळ्यात जवळ. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं म्हणजे हे सुटलं असं समजू नका, काही झिरो डेपमध्ये बॅटरी सरळ वगळलेली असते. मोठी बॅटरी, मोटर, चार्जर ही नावं लिहिलेला ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारं पुरवणी कव्हर, वेगळा मागा आणि त्याचा मजकूर हातात घेऊन वाचा, माहितीपत्रक नव्हे. आणि "बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी आहे की" हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकाल. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात हे खरं, पण ती वॉरंटी बॅटरी आपोआप बिघडली तर. बाहेरून मार बसला, गाडी पाण्यात बुडाली, तर वॉरंटीवाले हात वर करतात.

माझ्या बाबतीत तेच झालं. रस्त्याचं काम चालू होतं, समोरच्या ट्रकच्या चाकाखालून एक दगड उडून माझ्या गाडीखाली आला. धाडकन आवाज. स्क्रीनवर काही नाही, गाडी छान चालतेय, रेंज तेवढीच. साडू म्हणाले तळाला खरचटलं असेल, दाखवायची काही गरज नाही, उगाच क्लेम घातलात तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाईल. मी दुसऱ्याच दिवशी गाडी लिफ्टवर चढवायला लावली आणि त्याआधी विमा कंपनीला मेल करून ठेवला. बॅटरीचा ट्रे आत दबला होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं की एवढ्या खोलीच्या वर डेंट असेल तर पॅक उघडायची आम्हाला परवानगी नाही, आतले सेल ठीक आहेत असं लेखी कोणी देणार नाही, अख्खा पॅक बदला. एस्टिमेट आलं गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर. एका दगडाचं.

मग विमा कंपनीचं पत्र. बॅटरीवर निम्मा घसारा कापणार. मी ॲड-ऑनचं पान जोडून परत पाठवलं. तिकडून उत्तर, की हे "अंतर्गत बिघाडात" बसतं. मी लिफ्टवरचे फोटो पाठवले, ट्रेवर दगडाची खूण बोटभर लांब दिसत होती. अशी मेलामेली पुष्कळ चालली, गाडी वर्कशॉपमध्ये धूळ खात होती आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जात होता, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. शेवटी कूलंट, सील, मजुरी वगैरे धरून एस्टिमेट त्यांच्या मर्यादेच्या वर गेलं आणि त्यांनी टोटल लॉस जाहीर केला, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, गाडी गेली असं धरून पैसे द्यायचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टोटल लॉसचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. गाडीवर बँकेचा बोजा असतो, आधी बँक आपली बाकी उचलते, उरलं तर तुमचं. मी रिटर्न टू इन्व्हॉइस घेतलं होतं, म्हणजे घसरलेली किंमत न धरता बिलाची किंमत मिळते, आणि कर्ज बऱ्यापैकी उतरलेलं होतं, त्यामुळे बँकेचं जाऊन जे राहिलं त्यात पुढच्या गाडीचं डाऊन पेमेंट निघालं. साडूंच्या सल्ल्याने गेलो असतो तर घसरलेली किंमत मिळाली असती, त्यात कर्जाची बाकी जास्त, म्हणजे गाडी गेल्यावरही बँकेला वरून पैसे भरत बसलो असतो.

हे मी त्यांना सगळे जमलेले असताना कागदावर लिहून दाखवलं. म्हणाले, "नशीब तुमचं." नशीब कसलं? दगड लागला ते नशीब, कागद वाचले होते ते नशीब नव्हे. वर म्हणे गुंतवणुकीतून तेवढे निघाले असते. त्यांनी स्वतः गुंतवलेत का वाचलेल्या हप्त्याचे पैसे, हे विचारलं तेव्हा विषय बदलला.

बरं, तुमचा दुसरा प्रश्न, शोरूमकडून की बाहेरून. शोरूमवाल्याला कमिशन असतं, ते तुमच्याकडूनच येतं. पण त्याच्या पॉलिसीत त्यांच्याच वर्कशॉपला कॅशलेस (बिल विमा कंपनी थेट वर्कशॉपला देते) असण्याची शक्यता जास्त, आणि इलेक्ट्रिकच्या बाबतीत कोपऱ्यावरचा मेकॅनिक कामाचा नाही, त्यामुळे कॅशलेस महत्त्वाचं. दोन्हीकडून कोट घ्या, तेच ॲड-ऑन, गाडीची धरलेली किंमतही तीच, आणि मग तुलना करा. किंमत थोडी खाली धरून प्रीमियम स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. मुदतीआधी फेडायला दंड नसेल आणि तुम्ही खरोखर जादा भरणाऱ्यातले असाल तर ७ वर्षांचं कर्ज वाईट नाही, पण आधी स्वतःचा स्वभाव तपासा. डाऊन पेमेंटसाठी अडीनडीची ठेव मोडू नका. नोकरीच्या कंपनीकडून लीजवर मिळत असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, पडत्या किमतीचा भार लीजवाल्याचा. शून्य टक्के व्याजाची स्कीम असेल तर रोखीची सूट किती बुडते ते विचारा, व्याज बहुतेक तिथे लपलेलं असतं. बॅटरी भाड्याने, गाडी विकत, हा प्रकारही निघालाय. युरोपात रेनॉ झोईच्या बाबतीत जुनी गाडी घेणाऱ्याला भाड्याचा करारही गळ्यात घ्यावा लागायचा आणि गिऱ्हाईक बिचकायचं, तेव्हा विकताना काय होणार हे विचारल्याशिवाय सही नको. आणि सगळ्या कंपन्या अख्खा पॅकच बदलतात असंही नाही, काहींचे मॉड्यूल, म्हणजे पॅकमधले सेलचे गट, सुटे बदलता येतात. तुम्ही जे मॉडेल घेताय त्याचं सर्व्हिस सेंटरलाच विचारा, सेल्समनला नको.

ता. क. खालीच एकाने पाण्यात बुडालेल्या गाडीचं आणि घरच्या चार्जरचं विचारलंय म्हणून. पाण्यात बुडालेली गाडी सुकली, चालू झाली, तरी घरात किंवा घराला लागून उभी करू नका आणि क्लेम घालाच. २०२२ साली फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात भिजलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. आणि भिंतीवरचा चार्जर गाडीच्या पॉलिसीत आहे असं गृहीत धरू नका, नसेल तर घराच्या विम्यात लिहून घ्या.