संशयित अटकेला विरोध करत असेल तर पोलिसांनी किती बळ वापरावं?

विरोध मोडायला लागेल तेवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या पोलीस आचारसंहितेतही हेच आहे: अगदी गरज असेल तेव्हाच आणि कामापुरतंच बळ. पळणाऱ्याला धरणं, हात पिरगाळून बेड्या घालणं हे त्यात बसतं. शिवी दिली म्हणून कानाखाली मारणं बसत नाही.

खरा धोका बेड्या घातल्यानंतर असतो. माणूस पालथा, हात पाठीमागे, पाठीवर कुणाचा तरी गुडघा. तो पाय झाडतो, अंग वर उचलायला बघतो. पोलिसांना वाटतं, अजून ऐकत नाही. म्हणून आणखी दाबतात. खरं तर छाती दबल्यामुळे तो श्वासासाठी धडपडत असू शकतो! 'बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे' हा समज तर जीवघेणा आहे. दोन शब्द बोलायला थोडीशी हवा पुरते, जगायला पुरत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९५ सालीच बजावलं होतं की बेड्या लागल्या की पोटावरून लगेच हलवा. तरी २०२० मध्ये अमेरिकेतल्याच मिनियापोलिसला बेड्या घातलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ होता, आणि त्यात त्याचा जीव गेला.

बेड्या लागल्या की कुशीवर वळवा, बसवा, श्वास बघा. आणि सोबतचा पोलीस थांबत नसेल, तर त्याला हाताला धरून बाजूला करा.