वाचकांचे प्रश्न : कॅलिसला अष्टपैलू म्हणावे का?

प्रश्न : आमच्या भागात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की सर्वांत मोठा अष्टपैलू कोण, हा वाद दरवर्षी रंगतो. मी दक्षिण आफ्रिकेच्या जॅक कॅलिसचे नाव घेतो. मित्रांचे म्हणणे असे की, कॅलिस हा मुळात फलंदाज, गोलंदाजी हा त्याचा जोडधंदा. खरे अष्टपैलू कपिल देव. आकड्यांवरून याचा निकाल लावता येईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आकडे आधी पाहू. कॅलिसने 1995 ते 2013 या काळात 166 कसोटी सामन्यांत 55.37 च्या सरासरीने 13,289 धावा केल्या, त्यात 45 शतके आहेत. 32.65 च्या सरासरीने 292 बळी घेतले आणि बहुतेक स्लिपमध्ये उभे राहून 200 झेल टिपले. कपिल देव यांच्या नावावर 131 कसोटींत 31.05 च्या सरासरीने 5,248 धावा आणि 29.64 च्या सरासरीने 434 बळी आहेत.

फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची आणि उरेल त्यावरून थोरवी ठरवायची, अशी एक पद्धत रूढ आहे. त्या हिशेबाने कॅलिसची बाकी 22.72, वेस्ट इंडीजचे सर गारफिल्ड सोबर्स यांची 23.75, इम्रान खान यांची 14.88 आणि कपिल देव यांची केवळ 1.41 भरते. परंतु हाच हिशेब डॉन ब्रॅडमन यांना लावला, तर 99.94 ची फलंदाजी आणि 36 धावांना एक याप्रमाणे उभ्या कारकिर्दीत मिळालेले दोन बळी एवढ्या भांडवलावर ते जगातले सर्वश्रेष्ठ अष्टपैलू ठरतात! ही पद्धत फलंदाजाला झुकते माप देते आणि दिवसभर नव्या-जुन्या चेंडूने राबणाऱ्याचे श्रम मोजत नाही. कपिल देव यांनी प्रत्येक कसोटीत सरासरी 35 षटके टाकली, तीही बहुधा दुसऱ्या बाजूने वेगवान साथ नसताना आणि भारतातल्या निर्जीव खेळपट्ट्यांवर. डावात पाच बळी त्यांनी 23 वेळा घेतले, कॅलिसने 5 वेळा.

आपल्या मित्रांच्या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे. कॅलिसने कसोटीमागे जेमतेम 20 षटके टाकली. मात्र ती कमी होती म्हणून दुय्यम होती, हे मला मान्य नाही. डोनाल्ड, पोलॉक, एन्टिनी आणि पुढे स्टेन, मॉर्केल अशा गोलंदाजांच्या संघात त्याच्या वाट्याला चेंडू यायचा तो प्रमुख गोलंदाज दमल्यावर आणि जोडी जमल्यावर. शिवाय तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर खेळणारा माणूसच वेगवान गोलंदाजाची जागा भरून काढत असल्यामुळे दक्षिण आफ्रिकेला एक जादा फलंदाज किंवा फिरकीपटू खेळवता येत असे. कर्णधाराला हा जो बारावा माणूस मिळतो, तो धावफलकावर कुठेही दिसत नाही.

त्याच्या फलंदाजीवर संथपणाचा आक्षेप घेतला जातो. कसोटीत शंभर चेंडूंमागे त्याच्या सुमारे 46 धावा होत्या, हे खरे. पण पहिल्या कसोटी डावात एका धावेवर बाद झालेल्या या खेळाडूने दोन वर्षांनी, डिसेंबर 1997 मध्ये, मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अखेरच्या दिवशी 101 धावा करून सामना वाचवला, तेव्हा संघाला वेग नको होता, कोणीतरी उभे राहायला हवे होते. जानेवारी 2011 ची भारताविरुद्धची केपटाऊन कसोटी तर आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल. पहिल्या डावात 161 केलेला कॅलिस दुसऱ्या डावात बरगडीच्या दुखण्याने बेजार होता, हरभजनचा चेंडू हातभर वळत होता आणि 130 धावांत सहा गडी परतले होते. मालिका 1-1 अशी बरोबरीत असताना भारताला दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा मालिका जिंकण्याची संधी समोर दिसत होती. फटका मारताना कळ येते हे स्पष्ट दिसत असूनही कॅलिस नाबाद 109 पर्यंत पोहोचला, हरभजनने सात बळी घेऊनही सामना अनिर्णित राहिला आणि ती संधी निसटली. भारताचा पाठीराखा म्हणून मला त्या दिवशी वाईट वाटले, पण त्या खेळीबद्दलचा आदर आजही तसाच आहे.

आपल्याकडच्या आठ षटकांच्या स्पर्धेत दोन षटके टाकून वीस धावा करणारा प्रत्येक जण अष्टपैलू ठरतो. कसोटीत निकष एकच धरावा : एक कला काढून घेतली, तर दुसरीच्या जोरावर तो संघात राहील काय? कपिल देव केवळ गोलंदाज म्हणून राहिले असते, कॅलिस केवळ फलंदाज म्हणून. दोन्ही बाजूंनी या निकषाला उतरण्याच्या सर्वांत जवळ सोबर्स आले, म्हणून माझे पहिले मत सोबर्स यांना. दुसरे मात्र नि:संकोचपणे कॅलिसला.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाजी करतो आणि वरच्या फळीत फलंदाजीही करतो. सरावासाठी तो बेळगावला जातो. एकच काहीतरी निवड, असे त्याला सांगण्यात आले आहे. काय करावे?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, निवडीची घाई करू नये. सोबर्स 1954 मध्ये किंग्स्टनला पहिली कसोटी खेळले ते सतराव्या वर्षी, डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजीला ते नवव्या क्रमांकावर आले होते. चारच वर्षांनी त्याच मैदानावर त्यांनी नाबाद 365 धावांचा विक्रम केला, जो 1994 पर्यंत टिकला. चौदाव्या वर्षी कोणती कला पुढे येईल हे कोणालाही सांगता येत नाही.

तरीही तसे सांगण्यामागची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला अतिताणाने बारीक तडे जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून गोलंदाजी बंद करण्याऐवजी तिची मोजदाद ठेवावी. नेटमधले चेंडू, शाळेचा सामना आणि रविवारची गल्लीतली स्पर्धा हे सारे एकाच वहीत लिहावे. कारण प्रशिक्षकांना नेटमधलेच ठाऊक असतात, शरीराला मात्र सगळेच सोसावे लागतात. आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठरवून ती वही दर महिन्याला प्रशिक्षकांना दाखवावी. मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि ते काही दिवसांत थांबत नसेल, तर गोलंदाजी लगेच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. फलंदाजी चालू ठेवावी की नाही, हेही त्यांनाच विचारावे.