तुझं लिहिलेलं वाजवणार कोण?

मी करिअर समुपदेशक. बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एखादं तरी घर असं येतं, जिथे मुलाला किंवा मुलीला संगीतकार व्हायचं असतं. चाली बांधायच्या, पार्श्वसंगीत करायचं, सिनेमाला, नाटकाला, आता गेमलासुद्धा. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, ह्याचं शिक्षण मिळतं तरी कुठे? आणि त्यासाठी गोवा सोडावाच लागतो का?" गायन-वादनाचा रस्ता लोकांना माहीत आहे. गुरू, परीक्षा, मैफल. रचनेचा रस्ता कुणालाच दिसत नाही, म्हणून मग घरातला प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेल्या एकेका संस्थेचं नाव घेऊन बसतो.

डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबात नेमकं तेच झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी गंधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली. पेटी चांगली वाजवते. चतुर्थीला वाड्यावरच्या घुमट आरतीत चुलतभाऊ घुमटावर, म्हणजे मातीच्या तालवाद्यावर, आणि ही साथीच्या शामेळ ह्या तालवाद्यावर. लॅपटॉपवर संगीत रचायचं सॉफ्टवेअर, एफएल स्टुडिओ. शाळेच्या एकांकिकेला तिने संगीत दिलं होतं आणि तिथूनच हे वेड. तिला बॉस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय हवं होतं. पुण्याचे काका म्हणत होते, ललित कला केंद्र. बाबा औषधांच्या कंपनीत, शिफ्टची नोकरी. त्यांचं म्हणणं, आधी कॉम्प्युटरची पदवी घे, मग काय ते संगीत कर. आई मराठी शाळेत शिक्षिका, ती गप्प होती. मी विचारलं तेव्हा बाबांनीच उत्तर दिलं, "आमकां कितें कळटा तातूंतलें? तुम्ही सांगाल ते."

अशा वाक्याला मी घाबरते. संगीताचं मलाही फार कळत नाही. पण समुपदेशकाला ते कळावं लागत नाही, मुलाला काय येतं आणि काय येत नाही एवढं उघडं करता आलं की पुष्कळ झालं.

तिने तीन रचना ऐकवल्या. एकांकिकेची छान होती. तिसऱ्या रचनेत बासरी होती, व्हायोलिन होतं, मागे घुमटाचा ठेका. मी म्हटलं, पुढच्या भेटीआधी हीच रचना दोन जिवंत माणसांकडून वाजवून घे. लॅपटॉप न्यायचा नाही, कागद न्यायचा.

"कागदावर माझं सरगममध्येच आहे," ती म्हणाली.

"मग तेच ने."

म्हापशाचा एक मुलगा, चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवणारा, तयार झाला. त्याला सरगमची भातखंडे लिपी वाचता येईना, हिला पाश्चात्त्य स्वरलिपी, म्हणजे स्टाफ नोटेशन, येईना. शेवटी हिने एकेक स्वर गाऊन दाखवला. दुसऱ्या ओळीत तो थांबला. ती ओळ व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेच्याही खाली जात होती, तिथे वाद्याला स्वरच नाही. लॅपटॉपने तो निमूटपणे वाजवला होता. बासरीवाल्या काकांनी तर पहिलं आवर्तन ऐकून एवढंच विचारलं, "बाय, श्वास कुठे घेऊ?" सोळा मात्रांची तीन आवर्तनं सलग, मध्ये फट नाही.

मला वाटलं होतं, पोरगी हिरमुसून येईल. ती वही भरून घेऊन आली. कोणत्या वाद्याची पट्टी कुठपर्यंत, गज कुठे उलटतो, घुमटाचा आवाज व्हायोलिनला कुठे खातो. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ती वही मला उपयोगी पडली, कारण पुढच्या शिक्षणात काय मागायचं ते तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

गोव्याला ही गोष्ट नवी नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. त्यांतले कितीतरी पुढे मुंबईच्या सिनेसृष्टीत गेले. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि ती साठ-साठ वादकांसाठी कागदावर उतरवायचं काम सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोवेकर अरेंजर करायचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले. दुसरीकडे मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. अनेक गुरूंकडे शिकून १९६०च्या दशकात त्यांनी नाट्यसंगीताला वेगळं वळण दिलं. दोन्ही परंपरा कदंबा बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर, आणि आमची मुलं त्यातली एकच घेऊन मोठी होतात. हिंदूंच्या घरात पेटी-तबला, ख्रिश्चनांच्या घरात पियानो-व्हायोलिन. हा माझा जुना राग आहे, असो.

मग आम्ही यादी घेतली आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला: इथे तुझं लिहिलेलं वाजवणार कोण?

पणजीचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे, पण तिथली पदवी मुख्यतः गायन-वादनाची. उत्तम गायिका व्हायचं असतं तर मी दुसरीकडे बघूच दिलं नसतं. पुण्याचं ललित कला केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं, १९८७पासूनचं. नावातच गुरुकुल आहे, रचनेचा वेगळा अभ्यासक्रम हे त्याचं वैशिष्ट्य नव्हे. पण तिथे एकाच छपराखाली नाटकाचेही विद्यार्थी आहेत आणि नाटकाला संगीत लागतं. काकांनी हे कारण सांगितलंच नव्हतं, त्यांना फक्त विद्यापीठाचा शिक्का दिसत होता. चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्वेटरी ए. आर. रहमान यांनी २००८ साली सुरू केलं. पाश्चात्त्य संगीत, हिंदुस्तानी गायन, संगीत तंत्रज्ञान सगळं एकत्र, कॉयरही आहे. फी मात्र खासगी संस्थेची.

बाबांनी मध्येच पुण्याच्या एफटीआयआयचं, म्हणजे चित्रपट प्रशिक्षण संस्थेचं नाव काढलं. तिथला साउंडचा अभ्यासक्रम ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा, तोही पदवीनंतरचा. ही गल्लत बरेच पालक करतात.

बर्कलीबद्दल मी तिला नाउमेद केलं नाही. फिल्म स्कोअरिंग हा तिथला जुना, नावाजलेला विषय. प्रवेशाला ऑडिशन आणि मुलाखत. पण राहण्याखाण्यासकट वर्षाला साठ लाखांच्या वर खर्च, आणि असली चार वर्षं. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावर गेलं की घर-जमिनीची कागदपत्रं पुढे ठेवावी लागतात. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिच्या मर्यादा प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन विचाराव्यात, ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. अठराव्या वर्षी, नोटेशन वाचता येत नसताना, वडलोपार्जित घर गहाण टाकून तिथे जाणं मला पटत नाही, आणि ते मी तिच्यासमोरच बोलले. पदवीनंतर, हातात चार वाजवलेल्या रचना असताना, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला ती मोकळी आहे. परदेशी कॉन्झर्वेटरी, म्हणजे संगीत विद्यालयं, रचनेच्या प्रवेशाला बहुधा लिहिलेली स्वरलिपी आणि तिचं ध्वनिमुद्रण मागतात. ब्रिटनमध्ये तर त्यांचे अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, हे पालकांना निकालानंतर कळतं.

ती चिडली. "म्हणजे मी इथेच?"

"एक वर्ष," मी म्हटलं.

बाबांना वर्ष फुकट जाण्याची धास्ती होती. म्हणून जवळच्या कॉलेजात बीएचं पहिलं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट जमा राहतात, त्यामुळे ते अगदी वाया जात नाही. कॉम्प्युटरची पदवी आम्ही वगळली. तिची प्रॅक्टिकल्स आणि संगीत दोन्ही एकत्र झेपत नाहीत, मग दोन्ही अर्धवट होतात. आठवड्यातून दोनदा पणजीला पाश्चात्त्य संगीताचा वर्ग, पियानो आणि थिअरी, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेच्या बेताने. पेटीचे गुरुजी सोडायचे नाहीत. आणि वर्षभरात तीन रचना, प्रत्येक वेगळ्या वादकांसाठी. पुढच्या वर्षी पुणे आणि चेन्नई, दोन्हीकडे अर्ज. हाताशी पर्याय म्हणून इथलं गोवा कॉलेजही यादीत ठेवलं. आई त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. कदंबाचा पास ती काढून देणार होती.

दरम्यान तिला मी संस्थांना फोन करायला लावले. बाबांनी करायचे नाहीत, तिने करायचे. विद्यार्थ्यांच्या रचना वर्षातून किती वेळा आणि कोण वाजवतं? रचना शिकवणारे शिक्षक आठवड्यात एकट्या विद्यार्थ्याला किती वेळ देतात? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, त्यांतल्या एकाशी बोलायला मिळेल का? दोन ठिकाणांहून सरळ उत्तरं आली, एकाने माजी विद्यार्थिनीचा नंबरही दिला. एका खासगी संस्थेने स्टुडिओतल्या महागड्या माइकचे फोटो पाठवले आणि जागा थोड्याच उरल्यात, आज ॲडव्हान्स भरा असं कळवलं. तिने पुन्हा विचारलं, विद्यार्थ्यांचं लिहिलेलं वाजवतं कोण? समोरून पुन्हा ॲडव्हान्सचीच आठवण आली. त्या संस्थेचं नाव तिने स्वतःच यादीतून खोडलं.