उन्हाळ्यात रोज पाणी देऊनही लॉन पिवळं का पडतंय?

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पाईप धरून उभं राहता तरी लॉनवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन उन्हाळे अगदी हेच केलंय. पिवळं दिसलं की अजून पाणी, अजून पिवळं झालं की अजून पाणी, शेवटी कोपऱ्यात शेवाळ आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

गडबड त्या 'रोज थोडंथोडं'मध्येच आहे. पंधरा मिनिटांचं पाणी वरच्या बोटभर मातीत मुरतं, मग मुळंही तिथेच घुटमळतात, खाली कशाला जातील, आणि तो वरचा थर तर कडक उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. त्यात संध्याकाळी पाणी दिलं की पाती रात्रभर ओली राहतात, म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण. त्यामुळे पहाटे किंवा अगदी सकाळी पाणी द्या, आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर. आठवड्याला सगळं मिळून साधारण 25 मिमी पुरतं, म्हणजे एका चौरस मीटरला 25 लिटर. मोजायचं कसं तर लॉनवर चार-पाच सरळ कडांचे रिकामे डबे ठेवा, स्प्रिंकलर चालू करा आणि अर्ध्या तासाने पट्टी बुडवून बघा. डब्याडब्यात किती फरक असतो ते बघून मी तर चाटच पडलो, एका कोपऱ्यात जवळजवळ काहीच पडत नव्हतं. माती चिकण असेल तर पाणी वाहून जातं, तेव्हा दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, परत दहा मिनिटं. नंतर लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा, 15 सेंमीपर्यंत सहज गेला तर ओल खाली पोचली. पुढचं पाणी वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली की. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहायला लागले आणि गवत निळसर-राखाडी दिसायला लागलं की समजा तहान लागलीय.

पण पाणी नीट केल्यावरही पट्टे वाढतच असतील तर तहान नाही, दुसरं काहीतरी आहे. फरशी किंवा भिंतीलगत, जिथे जास्त तापतं तिथून वाळत येत असेल आणि गवत रुंद पात्याचं सेंट ऑगस्टीन असेल तर चिंच बग बघा (आपल्या चिंचेशी काही संबंध नाही, छोटा काळा-पांढरा रस शोषणारा किडा आहे). दोन्ही बाजू कापलेला डबा वाळक्या आणि हिरव्या गवताच्या सीमेवर मातीत रोवा, पाण्याने भरा आणि पाच-दहा मिनिटं भरलेलाच ठेवा, किडे असतील तर तरंगत वर येतील. आणि गवत ओढल्यावर चटईसारखं उचलून हातात आलं तर खाली हुमणी आहे, पांढऱ्या अळ्या मूळ कुरतडतायत. गोल चकत्या असतील आणि पातं बुडाशी कुजून सहज निघून येत असेल तर बुरशी, तिथे पाणी कमीच करायचं. कृपा करून हे न बघता दुकानातून औषध आणून फवारू नका, बुरशीवर किडीचं औषध मारून काय होणार.

मॉवरबद्दल (गवत कापायच्या यंत्राबद्दल) तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण माझा संशय तिथेच जास्त आहे. उन्हाळ्यात लोक 'लवकर वाढायला नको' म्हणून गवत अगदी टक्कल करून टाकतात आणि मग उन्हात माती भाजते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. सेंट ऑगस्टीन 7 ते 10 सेंमी ठेवा, बारीक पात्याचं बर्म्युडा गवत 3 ते 5 चालतं, आणि उन्हाच्या ऐन कडाक्यात मॉवर त्याहून एक खाच वर. ब्लेड बोथट असलं तर पात्यांची टोकं फाटून पांढरट दिसतात, लांबून सगळं लॉनच वाळल्यासारखं वाटतं, ते आधी तपासा. कापलेलं गवत उचलू नका, तिथेच राहू द्या, कुजून नत्र परत मिळतं.

युरियाचा मोह होईल, पण तहानलेल्या गवतावर उन्हात टाकलात तर जळेल. खत महिनाभर थांबवा. झाडाखालचा पट्टा मात्र सोडून द्या, तिथे सावलीत बर्म्युडा काही केल्या टिकत नाही, त्यापेक्षा आळं करून 5 ते 8 सेंमी पालापाचोळा पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा. आणि पाणी द्यायची पद्धत बदलली तरी दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही, मुळं खाली जायला वेळ लागतो, तेवढ्यात घाबरून परत पाईप हातात घेऊ नका.