माझ्याकडे चालतं, सरांसमोरच अडतं

"मॅडम, मी या कामाची नाहीच." समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत ती म्हणाली. वय सव्विशीचं, शिक्षण आर्किटेक्चरचं, नोकरी पुण्यातल्या एका इंटिरियर ऑफिसात. (तिला विचारून लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत.) स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरसाठी तिने घरी रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून एक प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. मॉडेलमधल्या प्लायवुडचं क्षेत्रफळ मोजायचं, त्याचे दर सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) उचलायचे, अंदाजपत्रक तयार. तिच्या टेबलावर महिनाभर बिनतक्रार चाललं. ऑफिसातल्या सरांच्या मशीनवर दाखवायला गेली की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", म्हणजे अशी फाइलच नाही. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळी समोर क्लायंट बसलेला. तेव्हापासून झोप नाही.

कोड लिहिणारी मुलं हे गाऱ्हाणं माझ्याकडे नेहमी आणतात: एकटं असताना चालतं, कुणी बघायला लागलं की अडतं. मीही दोन भेटी दडपण, श्वास, आत्मविश्वास यांतच घालवल्या. आता त्याची लाज वाटते, कारण या कामात येण्याआधी मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंगच केलं होतं.

तिसऱ्या भेटीला तिला लॅपटॉप आणायला सांगितलं. कोडमध्ये दराच्या फाइलचं नुसतं नाव होतं, पत्ता नव्हता. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर सर्व्हरवर, म्हणजे दोघांनाही तोच.

"तू स्केचअप कसं उघडतेस?"

"प्रोजेक्टच्या फाइलवर डबल क्लिक करून."

"आणि सर?"

ती जरा थांबली. "डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून. मग मेनूतून फाइल उघडतात."

रुबी कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तिला 'डिर डॉट पीडब्ल्यूडी' टाइप करायला लावलं. प्रोग्रॅम सध्या कुठल्या फोल्डरात उभा आहे ते ही आज्ञा सांगते. डबल क्लिकने उघडलेल्या स्केचअपने प्रोजेक्टचा फोल्डर दाखवला. बंद करून आयकॉनवरून उघडलं, तर भलताच फोल्डर. बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी घाबरले होते म्हणून नाही?"

नाही. नुसतं नाव दिलं की रुबी ती फाइल चालू प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभा असेल तिथे शोधते. स्क्रिप्ट (प्लगइनच्या कोडची फाइल) कुठे ठेवलीय, मॉडेल कुठे आहे, याच्याशी रुबीला देणंघेणं नसतं. 'पुढच्या गल्लीत डावीकडे' हा पत्ता बरोबरच असतो, फक्त ऐकणारा कुठे उभा आहे ते माहीत हवं.

मधल्या काळात तिने वैतागून पूर्ण पत्ताही चिकटवून पाहिला होता, डबल कोट्समध्ये, विंडोजच्या बॅकस्लॅशसकट. वाटेतल्या फोल्डरचं नाव होतं 'न्यू', इंग्रजी छोट्या अक्षरांत. बॅकस्लॅश आणि पुढे एन, म्हणजे रुबीच्या लेखी नवी ओळ! रुबीत विंडोजवरही साधा पुढे झुकलेला स्लॅश चालतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग सुरुवातीलाच 'डिर डॉट सीएचडिर' करून फोल्डर बदलते ना." इथे मात्र मी तिला थांबवलं. स्केचअपमधली सगळी प्लगइन्स एकाच गाडीत बसलेली असतात. एकाने गाडी वळवली की बाकीच्यांचीही वाट बदलते.

त्यापेक्षा कुठली फाइल कुणाची, हे आम्ही कागदावर लिहून काढलं. आयकॉन प्लगइनचे, त्यांचा पत्ता स्क्रिप्टच्या फोल्डरापासून: दोन अंडरस्कोअर, डिर, पुन्हा दोन अंडरस्कोअर, आणि पुढचं नाव 'फाइल डॉट जॉइन'ने जोडायचं. दोन अंडरस्कोअरांच्या डिरची ही सोय रुबी २.० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. स्केचअपमध्ये ती २०१४ च्या आवृत्तीबरोबर आली. दरांची फाइल प्रोजेक्टची, म्हणून तिचा पत्ता उघड्या मॉडेलच्या 'पाथ'वरून, म्हणजे मॉडेलच्या फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून. मॉडेल सेव्ह केलेलं नसेल तर तिथे रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) मिळते, तेव्हा आधी ते तपासायचं. अंदाजपत्रक कुठे ठेवायचं ते मात्र वापरणाऱ्यालाच सेव्हच्या खिडकीतून विचारायचं. प्लगइनच्या फोल्डरात ते नकोच.

'मी या कामाची नाहीच' हे तिचं पालुपद कोडच्या पंधरा ओळी बदलून जाणारं नव्हतं, त्यावर पुढे चार भेटी लागल्या. पण त्या भेटींत ती झोपून येत होती.

प्लगइन सरांच्या मशीनवर चाललं. आयकॉनवरून उघडूनही. सरांनी अंदाजपत्रक वाचलं आणि प्लायवुडचे दर मागच्या वर्षीचे आहेत म्हणून परत पाठवलं.