दुर्बिणीविना धुळीच्या तबकड्यांचा शोध

सप्रेम नमस्कार.

उतारवयातील ज्या ताऱ्यांभोवती धुळीची तबकडी असते, त्यांच्यावर संशोधन करण्याची तुमची इच्छा आहे. पण मोठी दुर्बीण वापरायला मिळणार नसल्याने, केवळ आकाश सर्वेक्षणांच्या माहितीवर या क्षेत्रात शिरता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. शिरता येईल. मात्र हे काम तारे शोधण्यापेक्षा वगळण्याचे अधिक आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

सूर्यासारखा तारा राक्षसी अवस्थेच्या अखेरीस बाहेरचे थर गमावतो. त्या द्रव्यातून बनलेली धूळ चहूकडे पसरली, तर दूर जाऊन थंडावते आणि मुख्यतः लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत दिसते. जोडीदार तारा असल्यास मात्र काही द्रव्य दोघांभोवती तबकडीच्या रूपात टिकून राहते, तिची आतली कड हजार केल्विनहून अधिक तापते आणि 2 ते 5 मायक्रॉन तरंगलांबीतच अपेक्षेपेक्षा जास्त तेज मिळते. म्हणून टू-मास सर्वेक्षणातील जवळच्या अवरक्तातील मोजमापे आणि वाइज दुर्बिणीने 2010 मध्ये 3.4, 4.6, 12 व 22 मायक्रॉनमध्ये केलेल्या नोंदी एकत्र मांडल्या की संभाव्य ताऱ्यांची यादी चटकन तयार होते.

खरी परीक्षा त्यानंतर. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवतीही अशाच तबकड्या असतात आणि रंगांवरून दोन्ही सारखेच भासतात. गाया उपग्रहाने मोजलेल्या पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत वर्षभरात दिसणाऱ्या सरकण्यावरून) अंतर आणि त्यावरून तेजस्विता काढली की बरेच तरुण तारे गळतात; पण इथे एक मेख आहे. हे म्हातारे तारे बहुधा जोडतारे असतात, आणि कक्षेतील त्यांचे डोलणे पराशयात मिसळते. ‘रेड रेक्टँगल’ या प्रसिद्ध तेजोमेघाच्या केंद्रातील जोडताऱ्याचा कक्षाकाल सुमारे 320 दिवसांचा, म्हणजे वर्षाच्या अगदी जवळचा आहे. अशा ठिकाणी सूचीतले अंतर डोळे झाकून घेता येत नाही. शिवाय वाइजच्या 22 मायक्रॉनच्या प्रतिमेत सुमारे 12 विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आतले सारे एकाच ठिपक्यात मिसळते, त्यामुळे जादा तेज शेजारच्या ताऱ्याचे किंवा मागच्या दीर्घिकेचेही असू शकते. प्रत्येक प्रतिमा स्वतः उघडून पाहण्याचा कंटाळा येत असेल, तर हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही, असे मी स्पष्टच सांगेन.

पायथन ही संगणकभाषा आणि ताऱ्यांच्या सूचींना प्रश्न विचारण्याची एडीक्यूएल भाषा सरावाने येतात. त्यांची चिंता नको. आधी माहितीतल्या एखाद्या आरव्ही टॉरी ताऱ्याची (उतारवयातील, स्पंदन पावणाऱ्या एका प्रकारच्या ताऱ्याची) सर्व तरंगलांबींतील तेजमापे व्हिझिएर या खगोलीय सूचींच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घ्यावीत आणि आंतरतारकीय धुळीमुळे झालेली घट दुरुस्त करून आलेख स्वतः काढावा. मग निवडीचा स्वतःचा निकष लिहून त्यात किती ज्ञात तरुण तारे चुकून शिरतात, ते मोजावे. प्रवेश अर्जासोबत अशा चुकांचा हिशेब जोडलेला असेल, तर तो नुसत्या लांबलचक यादीपेक्षा अधिक वजनदार ठरेल.

शेवटी, मार्गदर्शक निवडताना निवडलेल्या ताऱ्यांचे वर्णपट त्यांचा गट घेतो का, हे अवश्य विचारावे. लोह कमी, पण गंधक व जस्त त्या मानाने टिकून, ही या ताऱ्यांपैकी अनेकांत आढळणारी खूण वर्णपटातच सापडते, आणि जोडीदाराची खात्री पटवायला बहुधा काही वर्षांची वेगमापने लागतात.