किंग अटकेत होते की शिक्षा भोगत होते?

प्रश्न असा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या एका मराठी लेखाची सुरुवात अशी झाली: 'नागरी हक्क चळवळीचे नेते किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारागृहात शिक्षा भोगत असताना आपलं प्रसिद्ध पत्र लिहिलं.' संपादकांनी 'कारागृह' खोडून 'तुरुंग' केलं. आता लेखकाला हवं आहे ते एवढंच: जेल, तुरुंग, कारागृह, कोठडी यांत फरक काय, आणि अमेरिकेत 'जेल' वेगळं, 'प्रिझन' वेगळं असेल तर मराठीत ते दाखवायचं कसं?

कारागृह आणि तुरुंग यांवरून भांडण्यात अर्थ नाही. पाटीवर कारागृह असतं, बोलण्यात तुरुंग किंवा जेल असतं, इमारत तीच. त्या वाक्यात खरा घोळ आहे तो 'शिक्षा भोगत असताना' या शब्दांत, आणि नेमका तोच संपादकांच्या नजरेतून सुटला.

१२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या न्यायालयाने बर्मिंगहॅममधल्या मोर्चांवर मनाई हुकूम दिला होता, तो मोडून किंग मोर्चात उतरले आणि पकडले गेले. त्यांना एकट्याला कोठडीत ठेवलं. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी 'ही निदर्शनं अवेळी आणि अविचारी आहेत' अशा आशयाचं निवेदन काढलं होतं. ते ज्या वर्तमानपत्रात छापून आलं, त्याच्याच कोऱ्या समासात किंग यांनी उत्तर लिहायला घेतलं. पत्रावर तारीख आहे १६ एप्रिल. २० एप्रिलला ते जामिनावर सुटले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले ते त्यानंतर, २६ एप्रिलला: पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळलं गेलं, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर किंग पुन्हा अलाबामाच्या तुरुंगात दाखल झाले. शिक्षा भोगली ती तेव्हा. पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्यावर दोष सिद्धच झालेला नव्हता. म्हणून वाक्य हवं 'अटकेत असताना'. बाकी तुरुंग म्हणा नाहीतर जेल.

'जमावबंदी मोडली' असंही कुणी लिहील, म्हणून जाता जाता: जमावबंदी प्रशासन लावतं. इथे हुकूम न्यायालयाचा होता, म्हणून तर खटला अवमानाचा झाला.

आता जेल आणि प्रिझन. अमेरिकेत ढोबळमानाने जेल शहराचं किंवा काउंटीचं असतं, तिथे खटला चालायचा असलेले आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले लोक असतात. प्रिझन राज्याचं किंवा संघराज्याचं, लांब शिक्षेच्या कैद्यांचं. आपल्याकडे मध्यवर्ती कारागृह, जिल्हा कारागृह, खुलं कारागृह असे प्रकार आहेत खरे, पण येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात खटला सुरू असलेला आणि जन्मठेपेचा असे दोघेही सापडतात. त्यामुळे इमारतीच्या नावावरून मराठी वाचकाला आतल्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. मराठीने हा भेद माणसावर ठेवला आहे. बोलीत कच्चा कैदी, म्हणजे खटला सुरू असलेला, आणि पक्का कैदी, म्हणजे दोष सिद्ध झालेला. कारागृह खात्याच्या कागदावर न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी, आणि तिसरा स्थानबद्ध, म्हणजे ज्याच्यावर खटलाच चालवलेला नाही. हे तीन शब्द नीट वापरले की 'प्रिझन'साठी वेगळा शब्द घडवत बसायची गरज राहत नाही. २०२२ अखेर भारतातल्या कैद्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कच्चे होते. 'तुरुंगात आहे, म्हणजे काहीतरी केलंच असेल' असं समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

याला गांधींचं उदाहरण फार चपखल आहे. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षांची साधी कैद झाली आणि येरवड्याला ठेवलं. तिथे ते सिद्धदोष. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात दांडीजवळ पकडून पुन्हा येरवड्यालाच आणलं, पण या वेळी १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता. आता ते स्थानबद्ध. माणूस तोच, तुरुंग तोच, आणि '१९३० मध्ये गांधींना शिक्षा झाली' हे वाक्य मात्र चूक. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं तेही स्थानबद्ध म्हणूनच. तिथे जागा महालाची होती म्हणून लोक 'नजरकैद' म्हणतात, ते चालेल.

'कोठडी'चा एक गैरसमज बातम्यांमुळे पक्का झाला आहे. 'न्यायालयीन कोठडी' म्हणजे न्यायालयाच्या आवारातली खोली नव्हे. न्यायालयाच्या हुकमाने माणूस तुरुंगात जातो, त्याला न्यायालयीन कोठडी म्हणतात. पोलीस कोठडीत तो पोलिसांच्या ताब्यात, चौकशीसाठी असतो. आरोपीच्या नातेवाइकांना हा फरक बरोबर माहीत असतो, बातमी वाचणाऱ्यांना नसतो.

विचारलं नव्हतं, पण 'तुरुंग' शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला असं मानतात. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी सापळा. मराठीतही खोडापासून खोडाच झाला! पोर्तुगीज त्याच वाटेने पुढे जाऊन थेट कैदखान्यापर्यंत पोचली. मलय भाषेतही तो शब्द 'तेरुंकू' होऊन बसला आहे. गंमत म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात शतकं काढलेली कोंकणी मात्र 'बंदखण' म्हणते.

शब्दाचा सूरही बघायला हवा. 'गजाआड', 'जेरबंद', 'मुसक्या आवळल्या' हे गुन्हेवार्तांचे शब्द आहेत. मंगळसूत्र चोराला ते शोभतात. सत्याग्रहीला 'जेरबंद' म्हटलं की लेखकाने पोलिसांची बाजू घेतली, त्याच्या मनात असो वा नसो. उलट दिशेचं अतीही टाळावं. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत अटक झाली आणि त्याच संध्याकाळी त्या जामिनावर सुटल्या. पुढे १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च भरण्याचा निकाल लागला. याला 'तुरुंगवास भोगला' म्हणणं म्हणजे त्यांची थोरवी फुगवणं, आणि त्यांना त्याची गरज नाही.

'नागरी हक्क' की 'नागरिक हक्क'? नागरी. १९५५ च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्याचं आजचं नावच नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे. रूढ झालंय, राहू द्यावं.

शेवटी 'जामीन', कारण या चळवळीवर लिहिताना तिथे हमखास पाय घसरतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हमी देणारा माणूस. 'त्याला मी जामीन राहिलो' या वापरात तो अजून जिवंत आहे. आजच्या मराठीत 'जामीन नाकारला' म्हटलं की वाचक समजतो, न्यायालयाने नाकारला. पण या चळवळीत 'जेल हवं, जामीन नको' ही घोषणाच होती. तिथे नाकारणारा आरोपी. तेव्हा 'जामिनावर सुटायला नकार दिला' असं सरळ लिहावं. घोषणेतही शब्द जरा सैलच आहे. जानेवारी १९६१ अखेर साऊथ कॅरोलायनातल्या रॉक हिलमध्ये गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसल्याबद्दल काही तरुणांना १०० डॉलर दंड किंवा ३० दिवस सक्तमजुरी अशी शिक्षा झाली. त्यांतल्या नऊ जणांनी दंड भरला नाही, सक्तमजुरी पत्करली. दंड भरला तर पैसा आपल्याला डांबणाऱ्यांच्याच तिजोरीत जातो, हा हिशेब त्यामागे होता. म्हणजे तिथे जामिनाचा नाही, दंडाचा नकार होता, आणि ते नऊ जण पक्के कैदी होते. त्यांच्याबद्दल 'शिक्षा भोगली' बिनदिक्कत लिहा. मात्र २०१५ मध्ये त्यांना 'माफी मिळाली' असं लिहू नका. माफी दोषीला मिळते. इथे न्यायालयाने त्यांची दोषसिद्धीच रद्द केली, आणि तो हुकूम देणारे न्यायाधीश १९६१ मध्ये शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांचे पुतणे होते.